स्नायूंतील गाठी आणि फिटचा आजार : एका जंताची दीर्घ कहाणी

आजाराविषयी आपल्याकडे एक समजूत खोलवर रुजलेली आहे. ताप आला, औषध घेतले, ताप उतरला, की आजार संपला. जंतांच्या बाबतीत तर आपण आणखीच बेफिकीर असतो. लहान मुलाचे पोट दुखले, नाक खाजले, की "जंत झाले असतील" म्हणून एक गोळी द्यायची आणि विसरून जायचे. परंतु सगळे जंत पोटातच राहतात असे नाही. काही जंतांची पिल्ले आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात, रक्तावाटे मांड्या, दंड, पाठ यांच्या स्नायूंत जाऊन बसतात आणि तेथून पुढे कित्येक वर्षे माणसाचा पिच्छा पुरवतात. स्नायूंत बसतात तेव्हा माणसाला बहुधा कळतही नाही. त्यांच्यापैकी एखादे मेंदूत बसले, तर मात्र चांगला धडधाकट माणूस एके दिवशी फिट येऊन कोसळतो, आणि घरातली मंडळी देवऋषी शोधू लागतात.

अशाच एका जंताची माहिती प्रस्तुत लेखात द्यावयाची आहे. शास्त्रीय भाषेत त्याला टीनिया सोलियम म्हणतात. डुकराच्या मांसातून येणारा तो फितीसारखा चपटा जंत होय. त्याच्या पिल्लांमुळे शरीरात ज्या गाठी होतात, त्या आजाराचे नाव सिस्टिसर्कोसिस. हा लेख लिहिणारा डॉक्टर नाही. बँकेत आकड्यांची बेरीज-वजाबाकी करणारा, कला शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा औषधाचा सल्ला देण्याचा येथे हेतू नाही. जे वाचून, विचारून आणि समजून घेतले, ते आपल्या सभासदांपर्यंत आणि विशेषतः विद्यार्थ्यांपर्यंत सोप्या भाषेत पोहोचावे, एवढीच इच्छा आहे.

जंत एक, आजार दोन

या विषयातील सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो, म्हणून ही बाब नीट ध्यानात घ्यावी. हा जंत माणसाला दोन वेगळ्या मार्गांनी, दोन वेगळे आजार देतो.

पहिला मार्ग मांसाचा. डुकराच्या मांसात या जंताच्या पिल्लाच्या पिशव्या असतात. शिजलेल्या साबुदाण्याचा मोठा दाणा डोळ्यांसमोर आणा. तसाच पारदर्शक, पाण्याने भरलेला, मध्ये पांढरा ठिपका असलेला दाणा. तो ठिपका म्हणजे जंताचे डोके. असे मांस कच्चे किंवा अर्धवट शिजवलेले खाल्ले, तर ते डोके आपल्या आकड्यांनी आणि चार चोषकांनी आतड्याला चिकटते आणि साधारण दोन महिन्यांत त्याचा पूर्ण वाढलेला जंत होतो. त्याची लांबी दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत भरते. फितीसारखे शेकडो तुकडे एकाला एक जोडलेले असतात. शेवटचे पिकलेले तुकडे शौचावाटे बाहेर पडतात आणि अशा एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. गंमत अशी, की एवढा मोठा जंत पोटात बाळगूनही माणसाला फारसा त्रास होत नाही. थोडी पोटदुखी, थोडी मळमळ, कधी तेही नाही.

दुसरा मार्ग अंड्यांचा. ही अंडी उघड्यावरच्या शौचातून मातीत मिसळतात. मोकाट डुक्कर ती खाते, अंड्यातून निघालेली पिल्ले त्याच्या स्नायूंत जाऊन पिशव्या करतात आणि चक्र पूर्ण होते. पण तीच अंडी माणसाच्या तोंडात गेली तर? माणसाच्या शरीरातही ती तेच करतात जे डुकराच्या शरीरात करतात. म्हणजे स्नायूंत, कातडीखाली, डोळ्यांत आणि मेंदूत पिशव्या तयार होतात. हाच सिस्टिसर्कोसिस.

थोडक्यात सांगायचे तर, मांसातली पिशवी खाल्ली तर पोटात जंत होतो आणि जंताचे अंडे खाल्ले तर अंगात पिशव्या होतात. मांसातून मेंदूत थेट काही जात नाही.

हे चक्र माणसाला समजायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८५५ साली फ्रीडरिख क्युखेनमायस्टर या जर्मन डॉक्टरने फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला त्याच्या नकळत अशा पिशव्या अन्नातून खाऊ घातल्या आणि मृत्यूनंतर त्याच्या आतड्यात जंत सापडले. विज्ञानाची एक गाठ त्यामुळे सुटली खरी, पण एका असहाय माणसावर केलेला तो प्रयोग त्या काळातही अनेकांना रुचला नव्हता.

मी तर मांस खात नाही, मला कसा होईल?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. फिटचा रुग्ण डॉक्टरांकडे गेला आणि स्कॅनमध्ये अशी गाठ दिसली, की "तुम्ही डुकराचे मांस खाता का?" असा प्रश्न येतो. मग कोणी रागावतो, कोणी खाली मान घालतो, कोणी खोटे बोलतो. वास्तविक पाहता रागावण्याचे किंवा लाजण्याचे काहीच कारण नाही. जन्मभर मांसाला स्पर्श न केलेल्या माणसालाही हा आजार होतो, कारण तो मांसातून होतच नाही. तो होतो अंड्यांतून.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू समाजात डुकराचे मांस धर्माने पूर्णपणे वर्ज्य आहे. तरीही त्या समाजातील चार जणांना मेंदूचा सिस्टिसर्कोसिस झाल्याचे १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शोध घेता असे आढळले, की हा आजार जेथे नेहमीचा आहे अशा देशांतून आलेल्या व्यक्ती त्यांच्या घरी स्वयंपाकपाण्याच्या कामाला होत्या. म्हणजे मांस घरात आले नव्हते, पण अंडी हातावाटे ताटात आली होती. यात त्या कष्टकरी बायांचा काय दोष? आपल्या पोटात जंत आहे हे त्यांना ठाऊकच नसते. त्यांच्या गावी शौचालय आणि स्वच्छ पाणी नव्हते, हा दोष त्यांचा नव्हे.

आपल्याकडेही अंड्यांचे मार्ग तेच आहेत. न धुतलेले हात, सांडपाण्यावर पिकवलेली आणि नीट न धुता खाल्लेली कोथिंबीर, मुळा, काकडी, उघड्यावरचे दूषित पाणी. घरातल्याच एखाद्या माणसाच्या पोटात जंत असेल, तर त्याच्या हातून घरातल्या सर्वांना, आणि त्याला स्वतःलाही, धोका असतो. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु खाण्यावरून माणसाची प्रतवारी लावणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की हा जंत ताटात काय आहे ते विचारत नाही, हात धुतले आहेत का एवढेच पाहतो.

स्नायूंत काय घडते?

अंड्यातून निघालेले पिल्लू रक्ताबरोबर वाहत जाते आणि जेथे रक्ताचा पुरवठा भरपूर, तेथे मुक्काम करते. म्हणून स्नायू आणि मेंदू ही त्याची आवडती ठिकाणे. दोन-तीन महिन्यांत त्याची पिशवी तयार होते. त्यानंतर कित्येक महिने, बहुधा कित्येक वर्षे, काहीच घडत नाही. जिवंत पिशवी शरीराच्या संरक्षक पेशींना चकवून शांतपणे पडून राहते.

स्नायूंत पिशव्या असलेल्या बहुतेकांना त्रास होत नाही. काहींना दंडावर, पाठीवर, छातीवर कातडीखाली वाटाण्याएवढ्या, हलणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठी हाताला लागतात. पिशवी मरू लागली, की तेथे काही दिवस सूज येते, स्नायू दुखतो. क्वचित एखाद्याच्या अंगात पिशव्यांची संख्या इतकी मोठी असते, की पोटऱ्या आणि दंड फुगून पहिलवानासारखे दिसतात, पण त्यांत जोर नसतो. कालांतराने मेलेल्या पिशवीत चुना साचतो. मग मांडीचा एक्स-रे काढला, तर स्नायूंच्या धाग्यांच्या दिशेने पसरलेले तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके दिसतात.

स्नायूंत राहणारा हा एकमेव जंत नव्हे. ट्रिकिनेला नावाचा दुसरा एक सूक्ष्म जंत आहे. तोही कच्च्या डुकराच्या किंवा रानडुकराच्या मांसातून येतो. १८३५ साली जेम्स पॅजेट या लंडनच्या विद्यार्थ्याने शवविच्छेदन करताना स्नायूंत बारीक पांढरे कण पाहिले आणि त्यातून या जंताचा शोध लागला. त्याची पिल्ले स्नायूच्या पेशीतच घर करतात. ताप, पापण्यांची सूज, असह्य अंगदुखी ही त्याची लक्षणे. काही रुग्णांत थकवा आणि स्नायूदुखी बराच काळ टिकते. मात्र तो आपल्या देशात क्वचितच आढळतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो टीनिया सोलियमच, कारण तो मेंदूत जातो.

वर्षांनंतर येणारी पहिली फिट

मेंदूतील पिशवीही जिवंत असेपर्यंत बहुधा गप्प असते. खरा गोंधळ सुरू होतो तो ती मरू लागल्यावर. आतापर्यंत चकवली गेलेली शरीराची संरक्षक यंत्रणा जागी होते, पिशवीभोवती सूज येते, त्या सुजेने मेंदूतील विजेचे संदेश बिघडतात आणि माणसाला फिट येते. म्हणजे अंडे पोटात गेले एका वर्षी आणि फिट आली भलत्याच वर्षी. मधल्या काळात माणूस गाव बदलतो, नोकरी बदलतो. कारण आणि परिणाम यांचा संबंध कोणाच्या ध्यानातच येत नाही.

हा संबंध उघड झाला तो ब्रिटिश सैनिकांमुळे, आणि त्यात आपल्या देशाचा जवळचा संबंध आहे. हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेल्या अनेक सैनिकांना फिट येऊ लागल्या. कोणाला जन्मजात अपस्मार ठरवले गेले, कोणाला मनोविकार. १९३०च्या दशकात सैन्यातील डॉक्टर मॅकआर्थर यांनी दाखवून दिले, की यातील अनेकांना सिस्टिसर्कोसिस आहे. स्नायूंच्या एक्स-रेमधील त्या तांदळाच्या दाण्यांनी पुष्कळदा साक्ष दिली. पुढे १९६१ साली डिक्सन आणि लिप्स्कोम यांनी अशा ४५० रुग्णांचा दीर्घकाळ केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. संसर्गाचा संभाव्य काळ आणि पहिली लक्षणे यांत सरासरी चार-पाच वर्षांचे अंतर होते, आणि काहींच्या बाबतीत ते कित्येक पटींनी जास्त होते. ज्यांना वेडे किंवा ढोंगी ठरवले गेले, त्या सैनिकांना मांडीच्या एक्स-रेने न्याय मिळाला.

आगीत पडणारी माणसे

दुसरे उदाहरण इंडोनेशियातील पापुआचे. पश्चिम न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, पानिआई सरोवरांच्या परिसरात, हा जंत पूर्वी नव्हता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बालीकडून आणलेल्या डुकरांबरोबर तो तेथे पोहोचला. थोड्याच वर्षांत तेथील दवाखान्यांत गंभीर भाजलेल्या रुग्णांची रीघ लागली. डोंगरातील थंडीमुळे तेथे झोपडीच्या मध्यभागी शेकोटी पेटवून तिच्याभोवती झोपण्याची पद्धत होती. झोपेत फिट आली, की माणूस आगीत कोसळे. डॉक्टरांनी कारण शोधले, तेव्हा कातडीखालच्या गाठी आणि डुकरांतला संसर्ग यांचा धागा जुळला.

हे उदाहरण दूरचे वाटेल, पण आपल्याकडे चुलीजवळ, विहिरीच्या काठावर किंवा तलावात फिट येऊन काय होऊ शकते, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

वेल्लोरचा शोध

आपल्या देशात १९८०च्या दशकात सीटी स्कॅनची सोय वाढली, तेव्हा फिट आलेल्या अनेक तरुण रुग्णांच्या मेंदूत एकच लहानशी गाठ दिसू लागली. क्षयरोग आपल्याकडे सर्वत्र असल्यामुळे ती क्षयाची गाठ समजून रुग्णांना महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली जात. पण काही गाठी आपोआप नाहीशा होत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९च्या सुमारास अशा गाठींची तपासणी करून दाखवून दिले, की त्यांपैकी बऱ्याच गाठी क्षयाच्या नसून मरू घातलेल्या सिस्टिसर्कसच्या आहेत. त्यामुळे असंख्य रुग्णांची नको ती औषधे टळली आणि मेंदूची शस्त्रक्रियाही टळली. जगाला उपयोगी पडलेले हे संशोधन आपल्या देशातले आहे, याची विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी.

आयुष्यभराचे परिणाम कोणते?

ज्यांच्या मेंदूत एकच लहान गाठ असते, त्यांचे भवितव्य सामान्यतः चांगले असते. ती गाठ बहुधा काही महिन्यांत विरते, फिट थांबतात आणि डॉक्टर पुढे औषध हळूहळू बंद करतात. मात्र काहींच्या मेंदूत गाठ विरण्याऐवजी तिचा चुना होऊन ठिपका उरतो. जंत मेला, संसर्ग संपला, पण ठिपका राहिला. शेतकरी बांधवांना समजेल अशा भाषेत सांगायचे, तर कर्ज फिटले तरी सातबारावरचा बोजा उतरला नाही. अशा ठिपक्याभोवती अधूनमधून पुन्हा सूज येऊ शकते आणि वर्षांनंतरही फिट येऊ शकते. अशा रुग्णांना औषध दीर्घकाळ घ्यावे लागते.

पिशव्या अनेक असतील, किंवा मेंदूतील पाण्याच्या वाटेत अडकल्या असतील, तर प्रश्न गंभीर होतो. पाणी तुंबून डोके सतत दुखते, उलट्या होतात, नजर अंधुक होते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. काहींना अर्धांगाचा झटका येतो, काहींची स्मरणशक्ती आणि आकलन मंदावते. डोळ्यांतील पिशवीने दृष्टी जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, जेथे माणसे आणि मोकाट डुकरे जवळजवळ राहतात अशा अनेक प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांचे कारण हा जंत असतो. अति धोक्याच्या वस्त्यांत हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे टाळता येण्याजोगा असा हा अपस्मार आहे, आणि हीच यातली खरी खंत आहे.

उपचाराबाबत सावधगिरी

जंत मारणारी औषधे आहेत. अल्बेंडाझोल आणि प्राझिक्वान्टेल ही त्यांची नावे. पण येथे एक मोठा धोका आहे. मेंदूत पुष्कळ पिशव्या असताना त्या एकदम मारल्या, तर सगळीकडे एकदम सूज येऊन जीवावर बेतू शकते. डोळ्यांत पिशवी असेल, तर औषधाने डोळा जाऊ शकतो. म्हणून आधी स्कॅन, डोळ्यांची तपासणी, सूज आवरणारी औषधे आणि मगच जंताचे औषध, असा क्रम डॉक्टर ठरवतात. नुसता चुन्याचा ठिपका असेल, तर जंताच्या औषधाचा उपयोगच नसतो. "जंताचा आजार आहे ना, मग दुकानातून गोळी आणू" असे कोणीही करू नये. शाळांतून २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी गोळी मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आहे. ती मुलांना जरूर द्यावी, पण मेंदूतील गाठींवरचा तो उपचार नव्हे.

फिटची औषधे हा उपचाराचा मुख्य भाग. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की योग्य औषध मिळाल्यास अपस्माराचे ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात. अट एकच. गोळी चुकवायची नाही आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. बाळंतपणाचा विचार असलेल्या स्त्रियांनी तर आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण काही गोळ्या गर्भाला अपायकारक असतात. औषध मात्र बदलायचे ते डॉक्टरांनी, आपण नव्हे. घरात एका व्यक्तीला हा आजार निघाला, तर इतरांच्या शौचाची तपासणी करून घ्यावी. कोणाच्या पोटात जंत असेल, तर त्याच्यावर उपचार करणे सोपे असते.

लग्न, नोकरी आणि कायदा

आजारापेक्षा आजाराची लाज अधिक मारते. आमच्या एका शाखेत खात्यावर पैसे काढायला आलेल्या एका तरुणाला काउंटरसमोर फिट आली. क्षणात कोणी चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली, कोणी कांदा मागवला, कोणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबला. तो शुद्धीवर आला तेव्हा पहिले वाक्य बोलला ते हे, "साहेब, ऑफिसात कळवू नका." फिटपेक्षा त्याला नोकरीची धास्ती अधिक होती.

मुलींच्या बाबतीत तर विचारूच नका. लग्न जमावे म्हणून आजार लपवला जातो. लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात आणि मग एका मागोमाग एक फिट येऊन जीव धोक्यात येतो. या लपवालपवीला पूर्वी कायद्याचीही भीती होती. १९५५चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अपस्माराचे वारंवार झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र ठरत होती आणि असा विवाह रद्द करून घेता येत होता. १९९९च्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द या कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही काढून टाकण्यात आला. आज केवळ फिट येतात म्हणून कोणी विवाहास अपात्र ठरत नाही. ही गोष्ट आपल्या किती घरांत ठाऊक आहे? दोन्ही घरांनी मोकळेपणाने बोलावे, डॉक्टरांचे मत घ्यावे आणि औषध चालू ठेवावे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

फिट आल्यास काय करावे?

घाबरू नये. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. रुग्णाला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर येईल. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, कापड, पाणी काहीही घालू नये. चप्पल, कांदा, किल्ल्या यांचा काही उपयोग नाही. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते, म्हणून लोकांना वाटते की कांद्याने थांबली. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून अधिक चालली, लागोपाठ आली किंवा पहिल्यांदाच आली, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. फिट चालू असलेल्यांनी एकट्याने पोहणे, उंचावर चढणे, वाहन चालवणे टाळावे.

हा जंत हटवता येईल का?

होय, असे शास्त्रज्ञ सांगतात. १९९३ सालीच आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटाने जगातून समूळ नष्ट करता येण्याजोग्या आजारांत याची गणना केली. पेरू देशातील तुंबेस प्रांतात माणसांना जंताचे औषध आणि डुकरांना औषध व लस, अशी मोहीम राबवण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार शेवटच्या टप्प्यातील १०७ गावांपैकी १०५ गावांत संसर्गाची साखळी तुटली. डुकरांसाठीची अशी लस आपल्या हैदराबादेत, इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीत तयार होते. म्हणजे साधने आहेत, ती वस्तीपर्यंत पोहोचायला हवीत.

आपल्या हातात जे आहे ते साधे आहे. डुकराचे मांस खाणाऱ्यांनी ते आतपर्यंत पूर्ण शिजवावे. साबुदाण्यासारखे दाणे दिसणारे मांस घेऊच नये. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, नखे कापावीत. कच्च्या भाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुवाव्यात. डुकरे पाळणाऱ्यांनी ती मोकाट न सोडता बांधून पाळावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येकाने शौचालय वापरावे. महाराष्ट्रात २०००-०१ पासून संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान झाले, २०१४ पासून देशभर शौचालये बांधली गेली. पण बांधलेल्या शौचालयात पाणी नसेल, तेथे सरपण रचलेले असेल, तर जंताचे चक्र चालूच राहणार. माणसाचा मैला माणसाने हाताने उपसण्यास १९९३ आणि २०१३च्या कायद्यांनी बंदी आहे. तरीही गटारात उतरणाऱ्या आपल्या बांधवांना हातमोजे, साबण आणि तपासणीसुद्धा मिळत नाही. जंतांचा सर्वांत जवळचा धोका त्यांनाच आहे. त्यांच्या आरोग्याची मागणी करणे हेही आपल्यासारख्या संस्थांचे काम आहे.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. तुमच्या वर्गात, वसतिगृहात कोणाला फिट येत असेल, तर त्याच्यापासून दूर सरू नका. ती बाधा नाही, शाप नाही, आणि हात लावल्याने ती लागत नाही. एखाद्याच्या मेंदूत साबुदाण्याएवढी गाठ आहे म्हणून त्याची परीक्षा, नोकरी, संसार थांबण्याचे कारण नाही. त्याला गोळीची वेळ आठवण करून द्या, आणि वस्तीतल्या मोडक्या शौचालयासाठी नगरपालिकेकडे अर्ज करताना त्याच्याबरोबर तुमचीही सही करा.